पंखा पाचवर, वारा दोनचा!

तुमच्या रूमवरचा पंखा आत्ता किती नंबरवर आहे? पाचवर. आणि फिरतोय किती नंबरचा? दोनचा! बरोबर ना?

शिकायला म्हणून गाव सोडून शहरात आलेल्या पोरापोरींचा कुठलाही फ्लॅट घ्या. पंखा रांगत असतो, बेसिनचा नळ रात्रभर टपटपत असतो, बाथरूमची कडी तीन महिन्यांपासून लागत नसते म्हणून आत गेलेला माणूस मोठमोठ्याने गाणी म्हणत असतो, आणि एखाद्या स्विचवर ‘हा लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असते. ती चिठ्ठीसुद्धा आधीच्या बॅचने लावलेली!

घरमालकांना फोन केला की ते ‘बघतो’ म्हणतात. प्लंबर ‘अकरा ते पाचमध्ये कधीतरी येतो’ म्हणतो. मग त्याच्यासाठी कुणीतरी एकाने लेक्चर बुडवून घरी बसायचं. तो आला की काम पाच मिनिटांचं आणि व्हिजिट चार्ज वेगळा. महिनाअखेरीला हे पैसे काढायचे कुठून, यावर ग्रुपवर दोन दिवस चर्चा.

ही पाच मिनिटांची कामं आपली आपल्याला येऊ शकतात. पण एक गोष्ट आधीच क्लिअर करते. मी जुगाडाबद्दल बोलत नाहीये. सेलोटेप, रबरबँड आणि देवावर भरवसा ही दुरुस्ती नव्हे. रील्समधली दुरुस्तीही नव्हे. रीलमध्ये शेवटची वीस सेकंदं दाखवतात. पार्ट बदलला, पंखा भन्नाट फिरला, म्युझिक! नेमकं काय बिघडलंय हे ओळखायचं कसं, हा त्याच्या आधीचा भाग मात्र गायब असतो. खरं काम तिथेच असतं. स्क्रू फिरवायला काय, सगळ्यांनाच येतो.

आधी नाडी बघा

पंख्यापासूनच सुरू करूया. पंखा हळू फिरतोय म्हटल्यावर पहिला प्रश्न, फक्त पंखाच हळू आहे की ट्यूबही मंद झालीय? दोन्ही असेल तर व्होल्टेज कमी आहे, पंखा बिचारा निर्दोष आहे. दुसरा प्रश्न, रेग्युलेटर फिरवल्यावर वेगात फरक पडतो का? एक ते पाच सगळीकडे सारखाच वेग असेल तर संशय रेग्युलेटरवर. तिसरा, पंखा बंद करून, पाती पूर्ण थांबल्यावर हाताने हलकेच फिरवून बघा. अडखळत, घासत फिरत असेल तर बेअरिंग गेलंय. ते काम दुकानातलं, आपलं नाही. पण हाताने अगदी लोण्यासारखा फिरतो आणि बटण दाबलं की नुसता गुंऽऽ करत उभा राहतो किंवा कसाबसा रांगायला लागतो, असं असेल तर शंभरातल्या बहुतेक वेळा गुन्हेगार एकच असतो. कपॅसिटर.

हे असं का होतं, हे समजून घ्यायला अकरावी-बारावीचं फिजिक्स पुरतं. आपल्या घरातला पुरवठा सिंगल फेजचा. एकाच वाइंडिंगमधून असा प्रवाह गेला की चुंबकीय क्षेत्र नुसतं मागेपुढे होतं, गोल फिरत नाही. त्यामुळे मोटरला कुठल्या दिशेने निघायचं हेच कळत नाही. म्हणून मोटरमध्ये दुसरं वाइंडिंग देतात आणि कपॅसिटर लावून त्यातला प्रवाह पहिल्यापेक्षा थोडा पुढे सरकवतात. दोन वाइंडिंगचा असा ताल जुळला की क्षेत्र फिरायला लागतं आणि त्याच्या मागे पंखा. वर्षानुवर्षं उन्हाळे सोसून कपॅसिटरची क्षमता घटत जाते, ताल बिघडतो आणि पंखा मरगळतो. काठीने ढकलून पंखा सुरू करणारे महाभाग तुमच्याही हॉस्टेलवर असतील. ते करतात ते शास्त्रीयदृष्ट्या बरोबरच आहे! कपॅसिटर जो धक्का द्यायचा तो धक्का ते काठीने देतात. (तरीही करू नका. काठी पात्यात अडकली तर पंखा राहील बाजूला, दवाखाना गाठावा लागेल.)

छताच्या साध्या पंख्याला बहुतेक वेळा २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो, काहींना ३.१५ चा. आकडा त्याच्या अंगावरच छापलेला असतो. मोटरच्या वर, दांडीभोवती जी वाटी असते तिच्या आत तो लपलेला असतो. दुकानात तो साधारण शंभर रुपयांच्या आत मिळतो. जुना जेवढ्या मायक्रोफॅरडचा, नवाही तेवढ्याचाच घ्यायचा. ‘जास्तीचा घेतला तर जास्त जोरात फिरेल’ हा हिशोब चुकीचा. वाइंडिंग तापेल आणि मोटर जळेल. त्याच्या दोन तारांमध्ये उलटसुलट काही नसतं, त्यामुळे ती एक चिंता कमी.

आता महत्त्वाचं. नुसतं पंख्याचं बटण बंद करून वर चढायचं नाही. जुन्या घरांत कधी कधी वायरिंग करणाऱ्याने बटण फेजवर टाकायच्या ऐवजी न्यूट्रलवर टाकलेलं असतं. मग बटण बंद, पंखा बंद, पण तारेत करंट हजर! म्हणून एमसीबी पाडायचा, तोही मेन. आणि मग टेस्टर. टेस्टर वापरायचीही रीत आहे. आधी चालू सॉकेटमध्ये लावून तो पेटतोय ना ते बघायचं, मेन बंद केल्यावर ज्या तारेला हात लावणार तिथे लावून बघायचं आणि तारेला हात लावण्याआधी पुन्हा एखाद्या चालू सॉकेटमध्ये, मग ते शेजारच्यांकडचं असलं तरी. कारण टेस्टर पेटला नाही याचा अर्थ करंट नाही असा होतो, तसाच टेस्टर बिघडलाय असाही होतो. वायरमन काका हे इतक्या सवयीने करतात की आपल्या लक्षातही येत नाही. पुढच्या वेळी काका आले की मोबाइल खाली ठेवून त्यांच्या हाताकडे बघा.

कपॅसिटर वीज साठवून ठेवतो, म्हणून जुना काढताना त्याच्या दोन्ही तारांची उघडी टोकं इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने एकमेकांना टेकवून घ्या. आधी फोटो काढा, मग तारा सोडवा. रील नव्हे, फोटो. कुठली तार कुठे होती याची आठवण दहा मिनिटांत पुसली जाते. स्टूल न हलणारं हवं आणि ते धरायला एक माणूस हवा. पहिल्यांदा करणार असाल तर स्टूल तुम्ही धरा आणि वर येणाऱ्या माणसाला चढवा. दुसऱ्यांदा अदलाबदल.

एक फुटकळ सूचना. तुमच्याकडे नवा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा असेल तर वरचं सगळं विसरा. त्याची मोटर वेगळी, तिला सर्किट बोर्ड असतो. तो बिघडला तर वॉरंटी कार्ड शोधा.

किटलीचं गणित

विजेच्या बाबतीत रूमवर सगळ्यात जास्त घोळ दुरुस्तीत नाही, वापरात होतो. बोर्डवरचं साधं तीन पिनचं सॉकेट असतं ६ ॲम्पिअरचं. पुरवठा २३० व्होल्टचा. गुणाकार केला की १,३८० वॉट. आता तुमची मॅगीवाली किटली उलटी करून तिच्या बुडावरचा आकडा वाचा. १,५०० वॉट असेल तर ती साडेसहा ॲम्पिअर ओढते, म्हणजे त्या सॉकेटच्या ऐपतीबाहेर. पाणी तापवायचा रॉडही बहुतेक वेळा १,००० नाहीतर १,५०० वॉटचा असतो. यांच्यासाठी १६ ॲम्पिअरचं मोठं सॉकेट असतं आणि मोठी जाड पिन काही उगाच दिलेली नसते. पण आपण काय करतो? कन्व्हर्टर लावून मोठी पिन छोट्या सॉकेटात बसवतो आणि त्याच एक्स्टेन्शन बोर्डवर इस्त्रीपण! मग सॉकेट पिवळं पडतं, जळका वास येतो आणि आपण म्हणतो, ‘वायरिंगच बेकार आहे.’

एमसीबी पडला की तो पुन्हा पुन्हा वर ढकलणं हा आपला राष्ट्रीय खेळ आहे. अहो, तो पडतोय म्हणजे तो काहीतरी सांगतोय! त्या लाइनवरच्या सगळ्या पिना काढा. एमसीबी वर करा. राहिला? मग वायरिंग बहुधा ठीक आहे. आता एकेक वस्तू लावत जा. ज्या वस्तूला तो पडेल ती वस्तू दोषी. सगळं काढूनही तो राहत नसेल तर लगेच हात मागे घ्या आणि वायरमनला बोलवा. जुन्या वाड्यांत अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज दिसतात. त्यातली बारीक तार वितळली म्हणून कुणी तिथे जाडसर तांब्याची तार गुंडाळली असेल तर ती दुरुस्ती नाही, आगीची पूर्वतयारी आहे. फ्यूजने वितळायचंच असतं, नोकरीच ती त्याची.

तुमच्या डीबी बॉक्समध्ये टी लिहिलेलं छोटं बटण असलेला एक स्विच आहे का बघा. तो आरसीसीबी, काही जण ईएलसीबी म्हणतात. करंट जितका आत गेला तितकाच परत येतोय ना, यावर त्याची नजर असते. घरगुती आरसीसीबी सहसा ३० मिलिॲम्पिअरच्या गळतीला पडतो, म्हणजे एखाद्याच्या अंगातून करंट जमिनीत जायला लागला की तोडून टाकतो. ते बटण अधूनमधून दाबून बघायचं. दाबल्यावर तो पडला तर शाबूत आहे. नाही पडला तर घरमालकांना फोन करायला हे कारण पुरेसं आहे, आणि या वेळी ‘बघतो’ ऐकून घ्यायचं नाही.

तीन पिनांमधली वरची पिन जाड आणि लांब का असते, विचार केलाय? ती अर्थिंगची. लांब असल्याने आत जाताना ती सर्वांत आधी जोडली जाते आणि बाहेर येताना सर्वांत शेवटी सुटते, म्हणजे वस्तूत करंट असेपर्यंत संरक्षणही असतं. ‘सॉकेटात जात नाही’ म्हणून ती पिन कापून टाकणारे, किंवा पिन नसल्यामुळे दोन उघड्या तारा काड्यापेटीच्या काड्यांनी सॉकेटात खोचणारे कलाकार अजून आहेत. अशा रूमवर मी चहाही घेणार नाही.

कुठवर जायचं याची रेघ खुद्द नियमांनीच आखलीय. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार वायरिंगमध्ये भर घालणं, बदल करणं हे परवानाधारक ठेकेदाराचंच काम. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांची जशास तशी अदलाबदल एवढीच त्यातून वगळलेली आहे. म्हणजे तुटका स्विच तसाच नवा बसवणं वेगळं आणि ‘इथून एक पॉइंट काढूया’ वेगळं. गॅसची नळी-रेग्युलेटर सोडून पुढचं काहीही, गीझर, मायक्रोवेव्ह आणि इन्व्हर्टरची बॅटरी हेही उघडायचं नाही. मायक्रोवेव्हची पिन काढून ठेवली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज शिल्लक असू शकते. प्रेशर कुकरची रिंग बदला, शिट्टी साफ करा, पण सेफ्टी व्हॉल्व्ह गेला तर त्याच मेकचा अस्सलच आणा. तिथे एम-सील लावणाऱ्या माणसाला किचनमधून कायमचं बाहेर काढा.

मिक्सर मात्र घाबरू नका असा. चटणी वाटता वाटता अचानक बंद पडला आणि काही वेळाने गार झाल्यावरही चालू होत नाही? पिन काढा, उलटा करा. बहुतेक मिक्सरच्या बुडाला एक छोटं लाल बटण असतं. लोड जास्त झाला की ते बाहेर येतं. आत दाबा, झालं काम.

टप टप टप

आता नळ. आधी एक हिशोब करा. साधारण २० थेंबांचं एक मिलिलिटर धरलं आणि सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाचे ८६,४०० थेंब म्हणजे चार लिटरच्या वर पाणी. महिन्याला सव्वाशे लिटरच्या आसपास. ज्या सोसायटीत मार्चपासून टँकर सुरू होतो तिथे हे पाणी कुणीतरी विकत घेतलेलं असतं.

नळ गळतो म्हणजे नेमका कुठून गळतो, हा खरा प्रश्न. तोंडातून गळत असेल तर आतला वॉशर झिजलाय. मुठीच्या खालून, नळ उघडल्यावर पाणी येत असेल तर स्पिंडलभोवतीचं पॅकिंग किंवा ओ-रिंग गेलीय. आणि भिंतीपाशी, जिथे नळ पाइपात बसतो तिथून पाझरत असेल तर टेफ्लॉन टेप संपलीय. तीन जागा, तीन वेगळे रोग, तीन वेगळी औषधं. हे न बघता नळाची मूठ जिवाच्या आकांताने आवळणं हा एकच उपाय आपल्याला माहीत असतो. त्याने वॉशर आणखी लवकर चिरडतो.

काम करताना आधी पाणी बंद. बेसिनखाली अँगल कॉक असतो, तो फिरवला की झालं. बाथरूमच्या नळासाठी मात्र मुख्य व्हॉल्व्ह शोधावा लागतो. कधी तो माळ्यावर असतो, कधी थेट गच्चीवर. शोधून ठेवा, कारण एखाद्या रात्री पाइप फुटला तर तो शोधत फिरायला वेळ नसतो. मग नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या. बेसिनच्या जाळीवर फडकं टाका. स्क्रूला जगातली सगळी भोकं सोडून तिथेच जायचं असतं. चकचकीत नळावर पाना लावायचा तर मध्ये कापड गुंडाळा, नाहीतर ओरखडे डिपॉझिटमधून कापले जातील.

आणि दुकानात जाताना जुना पार्ट खिशात घालून न्या. नाहीतर संवाद असा होतो:

‘काका, ते नळातलं गोल रबर द्या ना.’

‘अर्धा इंची का पाऊण?’

‘अं… नॉर्मल.’

‘कुठल्या नळाचं? बिबकॉक का पिलर कॉक?’

‘बेसिनचा आहे काका.’

‘मग पिलर म्हण की बाळा!’

जुना वॉशर काउंटरवर ठेवला की काका एक शब्द न बोलता डबीतून तसाच दुसरा काढून देतात. पाव वळसा दिला की पूर्ण उघडणारे जे नवे नळ असतात त्यांत वॉशर नसतो, सिरॅमिक चकत्यांची कार्ट्रिज असते. ती अख्खी बदलायची. टेफ्लॉन टेप गुंडाळताना आट्यांचं तोंड आपल्याकडे ठेवून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना ती उलगडत बाहेर येते.

नळाची धार बारीक झालीय? नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा. बोअर नाहीतर टँकरच्या पाण्याचे पांढरे क्षार त्यात बसलेले असतील. रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात टाका. शॉवरचंही तेच. फ्लशची टाकी आतल्या आत गळतेय का हे बघायचं असेल तर टाकीत शाईचे चार थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. खाली भांड्यात रंग उतरला तर आतला रबरी सील गेलाय.

खर्च कुणाचा?

हा प्रश्न आल्याशिवाय फ्लॅटवर कुठलीच चर्चा संपत नाही. केंद्राने २०२१ मध्ये मॉडेल टेनन्सी ॲक्ट नावाचा नमुना कायदा आणला. त्यात दुरुस्तीची चक्क यादीच दिलीय. भिंती-छताची कामं, रंगरंगोटी, पाइप बदलणं, वायरिंग ही कामं मालकाची. नळाचे वॉशर आणि नळ बदलणं, ड्रेनेज साफ करणं, स्विच-सॉकेटची दुरुस्ती, दाराची कुलपं, खिडकीच्या जाळ्या ही भाडेकरूची. होय, नळाचा वॉशर देशाच्या कायद्याच्या मसुद्यात नावाने आहे! पण हा नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे. त्यातही आपण सही करतो तो अकरा महिन्यांचा करार बहुतेक वेळा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा असतो. म्हणजे कायद्याच्या भाषेत आपण भाडेकरूसुद्धा नसतो. त्यामुळे सगळा खेळ करारात काय लिहिलंय यावर. तेव्हा सही करताना ‘किरकोळ दुरुस्ती’ म्हणजे नेमकं काय हे विचारा. आणि राहायला आल्या दिवशी प्रत्येक खोलीचे, नळांचे, भिंतींवरच्या जुन्या भोकांचे फोटो काढून मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवून द्या. भांडणासाठी नाही, दोघांच्या आठवणीसाठी.

भोकांवरून आठवलं. भिंतीत ड्रिल करायला मालकांची परवानगी घ्या, आणि घेतलीत तरी स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडू नका. आतली वायर बहुधा त्याच रेषेत गेलेली असते. ड्रिलचं पातं आणि गिट्टी एकाच मापाची, सहाला सहा, आठला आठ. मोठ्या भोकात काड्या ठोकून बसवलेला स्क्रू आरसा घेऊनच खाली येतो.

पकड कुणाच्या हातात?

आमच्या फ्लॅटवर आम्ही चौघी. आमच्याकडे काहीही बिघडलं की ओळखीतल्या कुठल्यातरी मुलाला फोन लावला जायचा, आणि तो मुलगा आमच्याइतकाच अनभिज्ञ असायचा! फरक एवढाच की त्याने लहानपणी बाबांच्या शेजारी टॉर्च धरलेला असायचा. घरात दुरुस्ती निघाली की ‘बाळ्या, पकड आण’ म्हणतात आणि ‘ताई, चहा टाक’ म्हणतात. हात तिथेच वेगळे होतात. इंजिनीअरिंगला मुलगी टॉपर असते, मोटरची डेरिव्हेशन्स तोंडपाठ असतात, पण पंख्याची वाटी तिने आतून बघितलेली नसते. मुलींच्या फ्लॅटवर रात्री नऊला अनोळखी माणूस दुरुस्तीला येणार म्हटल्यावर जी कुजबुज चालते, ती मुलांच्या फ्लॅटवर नसते. म्हणून मला वाटतं, हे कौशल्य मुलींना जास्त कामाचं आहे.

हात आणि डोकं वेगळं करून शिकवायचं नाही, हे पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून चाललंय. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो सुरू केला. तिथली मुलं वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती करता करता त्यामागचं विज्ञान शिकतात. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये शिरूर तालुक्यातल्या याच गावात उभी राहिली. आपल्याला हे चार वर्षांच्या डिग्रीत मिळत नाही, हे मला तरी खटकतं.

मग मिळवायचं कसं? ॲमस्टरडॅममध्ये मार्टिन पोस्टमा या पत्रकार बाईंनी २००९ मध्ये ‘रिपेअर कॅफे’ सुरू केला. बिघडलेली वस्तू घेऊन या, जाणकारांच्या शेजारी बसा, आपल्या हाताने दुरुस्त करा. ही कल्पना पुढे कित्येक देशांत गेली. आपल्या कॉलेजच्या आवारात महिन्यातून एक दुपार हे करायला काय लागतं? शेजारच्या आयटीआयची मुलं, दोन टेबलं आणि चहा. आयटीआयच्या मुलांना आपण फेस्टला कधी बोलावत नाही. या दुपारी ती आपल्याला शिकवतील.

तोवर फ्लॅटची पेटी तरी करा. एक टेस्टर, दोन मापांचे स्क्रू ड्रायव्हर, पकड, ॲडजस्टेबल पाना, टेफ्लॉन टेप, इन्सुलेशन टेप, टॉर्च. वर्गणी काढली तर हजाराच्या आसपास भागतं. पुण्यात असाल तर विजेच्या सामानासाठी तपकीर गल्ली, मुंबईत असाल तर लोहार चाळ. नुसतं फिरून आलात तरी दहा नवे शब्द शिकून याल.

गॅरेजला ढकलत नेण्याआधी

गाडी सुरू होत नाही. हसू नका, पण आधी पेट्रोल बघा. मग लाल किल स्विच बघा. पार्किंगमधली पोरं गंमत म्हणून दाबून जातात. गिअर नसलेल्या स्कूटरला सेल्फ मारताना ब्रेक दाबलेला असावा लागतो. काही नव्या गाड्या साइड स्टँड खाली असेल तर सुरूच होत नाहीत. हे सगळं ठीक असेल तर हॉर्न वाजवा. हॉर्न घसा बसल्यासारखा आला तर बॅटरी उतरलीय, किक असेल तर किक मारा. हॉर्न खणखणीत आणि सेल्फही फिरतोय, तरी इंजिन पेट घेत नाही, तेव्हा स्पार्क प्लगकडे वळा. इंजिन गार झाल्यावर प्लगपान्याने तो काढा. काजळीने काळाकुट्ट झाला असेल तर बारीक पॉलिश पेपरने साफ करा, फार जुना असेल तर नवाच घाला. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांत जवळपास सगळीकडे फ्युएल इंजेक्शन आलं. त्यामुळे बाबांचा ‘कार्बोरेटर साफ कर’ हा सल्ला त्यांच्या गाडीसाठी बरोबर, तुमच्या गाडीला कार्बोरेटरच नाही.

हवा सारखी कमी होते पण पंक्चर सापडत नाही? व्हॉल्व्हच्या तोंडावर बोटाने थुंकीचा थेंब लावा. बुडबुडा आला तर आतली पिन गळतेय. पंक्चरवाले हेच करतात, तेव्हा ई म्हणू नका.

ब्रेकच्या बाबतीत मात्र प्रयोग नकोत. केबल सैल वाटली तर तिथून थेट गॅरेज, तेही हळू.

आणि गॅरेजमध्ये किंवा वायरमनकडे गेलात की ‘काका, चालत नाहीये’ एवढ्यावर थांबू नका. कधीपासून, कशानंतर, कसला आवाज येतो, गरम असताना होतं का गार असताना, हे सांगा. निम्मं निदान तिथेच होतं आणि उगाच बदललेल्या पार्टचं बिल येत नाही. काय बदलणार, किती लागतील हे काम सुरू करण्याआधी विचारा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ‘हा पार्ट मिळत नाही, नवीनच घ्या’ असं उत्तर मिळालं तर ग्राहक व्यवहार विभागाचं राइट टू रिपेअर पोर्टल बघा. २४ डिसेंबर २०२२ ला ते सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि गाड्या अशी चार क्षेत्रं त्यासाठी ठरवली होती. दाद मागायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

काम झालं की जुना पार्ट मागून घ्या. बहुतेक मेकॅनिक न कुरकुरता देतात, आणि तो कुठे झिजलाय, कुठे तडकलाय हे बोट ठेवून दाखवतातही.